वणव्यातून वाचलेली झाडं पुढच्या वर्षी का वाळतात?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता. कॅनडात एडमंटनहून फोर्ट मॅकमरीकडे जाताना हायवे 63च्या कडेला जळालेलं जंगल लागतं. जळिताच्या काठावरची बरीच झाडं आगीनंतरच्या उन्हाळ्यात हिरवी होती आणि पुढच्या वर्षी तीच तपकिरी पडली. मधल्या काळात तिथे पुन्हा आग लागली नव्हती. मग ती मेली कशाने? त्याला जोडून दुसरा प्रश्न: एवढं काळं पडलेलं जंगल आता गेलंच म्हणायचं का, आणि लोकांनी जाऊन झाडं लावायला नकोत का?

पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. ती झाडं आगीतच मेली होती, शेंड्याला ते उशिरा कळलं. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

आधी डोळ्यांसमोरचं चित्र बदलू या. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वणवा म्हटलं की सह्याद्रीच्या उतारावरचं पेटलेलं गवत किंवा मेळघाटातला सागाचा पाचोळा आठवतो. ती आग बहुतेक वेळा जमिनीवरून सरकते. रोपं जळतात, बुंध्यांना झळ लागते, पण साग आणि पळस पाऊस पडला की जळक्या खुंटातूनही धुमारे फोडतात. (म्हणून आपल्याकडचे वणवे निरुपद्रवी असतात असं नाही, तो वेगळा विषय आहे.) कॅनडाच्या उत्तरेत आणि अलास्कात जंगलाचा मोठा भाग ब्लॅक स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाचा. या झाडाच्या फांद्या जवळजवळ जमिनीपासून सुरू होतात, खालच्या वाळल्या तरी गळून पडत नाहीत, आणि त्यांच्यावर आपल्या दगडफुलाच्या गोतातल्या लायकेनचे झुपके लोंबत असतात. खाली गुडघाभर शेवाळ. एखादी ठिणगी त्या फांद्यांना धरूनच शेंड्यापर्यंत चढते आणि मग आग एका शेंड्यावरून दुसऱ्यावर पळते. या झाडांना खुंटातून धुमारे येत नाहीत. मेलं ते मेलं.

वणव्यांच्या अभ्यासाच्या आमच्या कामात आगीचा जोर तिच्या पुढच्या कडेच्या दर मीटरमागे किती किलोवॅट असा मोजतात. साधारण 4,000च्या पुढे गेल्यावर समोरून जाऊन ती विझवणं जवळपास अशक्य होतं. शेंड्यांवरून पळणारी आग 10,000 सहज ओलांडते. 1997 ते 2000 या काळात कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ जॅक पाइन या सूचिपर्णी झाडाचे जंगलपट्टे मुद्दाम पेटवून मोजमापं घेतली गेली, तेव्हा हा आकडा कित्येक दहा हजारांत गेला होता. अशा आगीत झाड कसं मरतं हा प्रश्नच उरत नाही. सुया जळतात, कळ्या जळतात, मिनिटाभरात सगळं संपतं. पण वणव्याचा नकाशा पाहिलात तर आतला सगळा भाग एकसारखा जळालेला कधीच नसतो. मध्ये न जळलेली बेटं असतात, दलदलीच्या कडा असतात, रात्री वारा पडल्यावर आग नुसती जमिनीवरून गेलेले पट्टे असतात. तुम्ही पाहिलेली झाडं या मधल्या पट्ट्यांतली.

झाडाचं जिवंत अंग फार थोडं असतं. खोडाचा बराचसा भाग मेलेल्या पेशींचा. वाढ होते ती साल आणि लाकूड यांच्यामधल्या एका पातळ थरात, ज्याला कँबियम म्हणतात. त्याच्या बाहेरच्या बाजूला पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे नेणारा थर, आतल्या बाजूला मुळांकडून पाणी वर नेणारं लाकूड. कँबियमला साधारण 60 अंश सेल्सियस तापमान मिनिटभर मिळालं की त्या पेशी मरतात. तिथपर्यंत उष्णता पोचू न देणं हे सालीचं काम, आणि इथे गणित मजेशीर आहे. जाडी दुप्पट झाली की वाचण्याचा वेळ चौपट होतो. ढोबळ हिशेबाने 1 सेंटीमीटर साल असेल तर कँबियम तीनेक मिनिटं तग धरतं, 2 सेंटीमीटर असेल तर बाराएक मिनिटं. ब्लॅक स्प्रूसची साल सेंटीमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. अॅस्पेन या पानझडी झाडाची गुळगुळीत पांढरट साल दिसायला सुंदर, पण आगीपुढे कुचकामी. लहान वयाचं कुठलंही झाड या हिशेबात मार खातं.

आता मूळ मुद्दा. समजा आग जमिनीवरून गेली, शेंड्याला काही झालं नाही, पण बुंध्याभोवती चहूबाजूंनी कँबियम भाजलं. पाणी वर नेणारं लाकूड मेलेल्या नळ्यांचंच बनलेलं असल्यामुळे ते चालू राहतं. सुयांना पाणी मिळतं, त्या हिरव्या राहतात, अन्नही तयार करतात. ते अन्न मात्र खाली उतरत नाही, कारण उतरण्याची वाट सालीला लागून होती आणि ती बंद झाली. मुळं साठवलेल्या पिष्टावर दिवस काढतात. किती दिवस, ते झाडाच्या आकारावर, साठ्यावर आणि आग कुठल्या महिन्यात लागली यावर ठरतं. एक हंगाम, कधी दोन. साठा संपत आला की नवी बारीक मुळं फुटणं थांबतं, पाणी ओढण्याची ताकद कमी होते, आणि मग एखादा कोरडा पंधरवडा पुरतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं झाड दुष्काळाने किंवा किडीने गेलं.

म्हणून झाड जगणार की नाही हे शेंड्याकडे बघून ठरवू नये. आम्ही बुंध्याशी बसतो. जमिनीलगत चार बाजूंना सालीत लहानशी चीर घेतो. जिवंत थर ओलसर आणि फिकट असतो, मेलेला तपकिरी आणि कधी आंबूस वासाचा. चारपैकी एक बाजू मेलेली असेल तर झाड बहुधा तरून जातं, आयुष्यभर एक खाच घेऊन. चारही मेल्या असतील तर वरचा हिरवा रंग विसरायचा. यात अजून एक खोच आहे. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू जास्त भाजत असेल असं वाटतं, पण घडतं उलट. खोडाच्या आडोशाला, वाऱ्याच्या मागच्या अंगाला, ज्वाला भोवरा धरून रेंगाळतात आणि तिथेच साल उंचापर्यंत काळी होते. जुन्या पाइनवर दिसणारे त्रिकोणी व्रण बहुतेक याच बाजूचे असतात. त्या व्रणांतल्या वाढीच्या वर्तुळांवरून शेकडो वर्षांपूर्वीच्या आगी कोणत्या वर्षी लागल्या ते काढता येतं, स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर यावर मोठं काम झालेलं आहे.

उलटंही घडतं. सुया करपून तपकिरी झाल्या म्हणजे झाड मेलंच असं नाही. सुयांपेक्षा कळ्या महत्त्वाच्या. कळ्या वाचल्या असतील तर पुढच्या वसंतात टोकाला हिरवं फुटतं. लार्च हे झाड सूचिपर्णी असूनही दर हिवाळ्यात सुया गाळतं, त्यामुळे एका हंगामाच्या सुया गमावणं त्याला फारसं जड जात नाही.

लाकडातल्या पाणी नेणाऱ्या नळ्यांनाही आगीच्या गरम, कोरड्या हवेच्या झोताने इजा होते, त्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि झाड तहानेने मरतं, असंही काही संशोधक मांडतात. प्रयोगशाळेत ते दिसलंय. प्रत्यक्ष जंगलात त्याचा वाटा किती यावर वाद चालू आहे. माझा कल अजूनही बुंधा आणि मुळं यांच्याकडेच आहे, आणि त्यातही मुळांकडे.

कारण उत्तरेकडच्या जंगलाची खरी गंमत जमिनीत आहे. थंडीमुळे इथे पाचोळा आणि शेवाळ कुजत नाही, साठत जातं. ब्लॅक स्प्रूसखाली हा थर वीस-तीस सेंटीमीटर सहज असतो, दलदलीत त्याहून कितीतरी जास्त. खालची खनिज माती गार, बऱ्याच ठिकाणी कायमची गोठलेली. म्हणून झाडांची बारीक मुळं खाली जातच नाहीत, याच थरात पसरतात. म्हणजे झाडाची मुळं चक्क जळणात रोवलेली असतात. ज्वाला मिनिटाभरात पुढे निघून जाते, पण हा थर पेटला तर धुमसत राहतो, तासन्‌तास, कधी आठवडे. त्याला ज्वाला नसते. वर हिरवं झाड, खोडावर हातभर काळं, आणि खाली मुळं खलास. अशी झाडं पुष्कळदा वाळण्याआधीच वाऱ्याने आडवी होतात, हिरव्या शेंड्यासकट.

ही धुग किती चिवट असते याचं उदाहरण तुमच्या त्याच रस्त्यावरचं. फोर्ट मॅकमरीची आग 1 मे 2016ला लागली, 88,000च्या आसपास लोकांना गाव सोडावं लागलं, सुमारे 5,90,000 हेक्टर क्षेत्र तिच्या कवेत आलं. ती पूर्ण विझली असं अधिकृतपणे जाहीर झालं ते ऑगस्ट 2017मध्ये. मधला आख्खा हिवाळा, बर्फाखाली, कुठे कुठे जमीन धुमसत होती. अशा हिवाळा काढून वसंतात पुन्हा वर येणाऱ्या आगींना तिकडे झोंबी फायर म्हणतात.

यामुळे आग किती मोठी होती यापेक्षा ती कोणत्या महिन्यात लागली हे मला आधी विचारावंसं वाटतं. मे महिन्यात बर्फ नुकताच गेलेला असतो, गवत वाळलेलं, अॅस्पेनला अजून पालवी नाही, त्यामुळे आग झपाट्याने पळते. पण पाचोळ्याचा खालचा थर ओला, काही ठिकाणी गोठलेलाच असतो. वरची झाडं मरतात, मुळांचा थर बराचसा वाचतो. ऑगस्टमध्ये तोच थर खोलवर वाळलेला असतो आणि तेव्हाची मध्यम जोराची आगसुद्धा मुळं संपवते. कॅनडाच्या वणवा निर्देशांकात ड्राउट कोड नावाचा एक आकडा असतो, तो या खोल थराचा कोरडेपणा सांगतो. तो हळू बदलतो, त्याची चाल 52 दिवसांच्या मापाची आहे, म्हणजे दोन दिवसांच्या सरीने तो भुलत नाही. बातम्यांत तापमान आणि वारा सांगतात. आग विझल्यावर किती झाडं मरत राहणार याचा अंदाज मी या आकड्यावरून बांधते.

आता किड्यांबद्दल, कारण लोक दोष त्यांनाच देतात. मेलानोफिला जातीचा काळा भुंगेरा जळत्या जंगलाकडे धाव घेतो. त्याच्या अंगावर उष्णतेची किरणं ओळखणारी इंद्रियं असतात, आणि लाकूड गरम असतानाच मादी त्यात अंडी घालते. त्यामागून लांब मिशांचे सॉयर भुंगेरे येतात. त्यांच्या अळ्या खोड पोखरताना कुरकुर असा आवाज येतो, शांत दिवशी तो चार-पाच पावलांवरून ऐकू येतो. मग त्या अळ्या खायला काळ्या पाठीचा सुतारपक्षी येतो, जो जळलेल्या जंगलात इतर कुठल्याही जंगलापेक्षा जास्त दिसतो. यातले बहुतेक किडे मेलेल्या किंवा मरणाऱ्या झाडावरच येतात. साल पोखरणारे काही भुंगेरे मात्र अर्धवट भाजलेल्या, राळ सोडण्याची ताकद गमावलेल्या झाडाला खरोखर मारतात. काठावरच्या स्प्रूसच्या बाबतीत हे होतं. तरी ढोबळ नियम असा की आगीनंतरची बहुतेक मरतूक पहिल्या दोन-तीन वर्षांत आटोपते. त्यानंतरही जे उभं आहे ते बहुधा टिकणार.

इथे सैबेरियाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ‘उत्तरेकडचं जंगल’ असं एकच काही नसतं. तिकडे लार्च आणि स्कॉट्स पाइन जास्त. दोघांची साल बुंध्याशी जाड, खालच्या फांद्या गळून पडतात, त्यामुळे आग चढायला शिडीच मिळत नाही. तिथल्या आगी बहुतांशी जमिनीवरूनच जातात आणि मोठी झाडं पुष्कळ वाचतात. उपग्रहावरून दोन्ही खंडांची तुलना केली तेव्हा हाच फरक दिसला: उत्तर अमेरिकेतल्या आगी जास्त तीव्र आणि झाडं जास्त मारणाऱ्या, सारख्याच हवामानात. म्हणजे कोणतं झाड आहे यावरच आगीचा स्वभाव बराचसा ठरतो. पण सैबेरियातल्याच याकुतियात लार्चची मुळं गोठलेल्या जमिनीवरच्या पातळ थरात असतात, तेव्हा जाड सालीचा उपयोग मर्यादितच. तिथेही वर वाचून खाली मरायचा प्रकार होतो. 2021च्या उन्हाळ्यात याकुतियातला धूर उत्तर ध्रुवापर्यंत पोचला होता.

तर मग, जंगल गेलं का?

ब्लॅक स्प्रूस आणि जॅक पाइन यांच्यापुरतं बोलायचं तर झाडं मेली म्हणून जंगल गेलं असं होत नाही. या झाडांनी आगीशी करारच केलेला आहे. जॅक पाइनचे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात, वर्षानुवर्षं फांदीवर तसेच राहतात. साधारण 50 अंशांच्या आसपास राळ वितळते, शंकू उघडतो, आणि आग गेल्यावर राखेवर बी पडतं. ब्लॅक स्प्रूस आपले शंकू शेंड्याच्या टोकाला झुबक्यात ठेवतो, आगीनंतर दोन-चार वर्षं थोडं थोडं बी सोडत राहतो. अॅस्पेन वरून सहज मरतो, पण मुळांतून हेक्टरी हजारोंनी फुटवे काढतो. पुढच्याच उन्हाळ्यात काळ्या खोडांमध्ये कमरेएवढी हिरवी दाटी दिसते. म्हणजे पेरणी आगीच्या आधीच होऊन गेलेली असते. व्हाइट स्प्रूस मात्र या करारात नाही. त्याचं बी साठवून ठेवलेलं नसतं, त्याला जवळपास, शंभरेक मीटरच्या आत, जिवंत झाड लागतं. न जळलेल्या त्या बेटांची किंमत इथे कळते.

मेलेल्या झाडांच्या संख्येने मी घाबरत नाही. मला भीती वाटते ती दोन आगींमधल्या अंतराची. ब्लॅक स्प्रूसला भरवशाचा बियांचा साठा जमवायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. जॅक पाइन लवकर तयार होतो, तरी त्यालाही वीसेक वर्षं हवीत. एका आगीनंतर उगवलेली रोपं पंधरा वर्षांची असताना दुसरी आग आली तर मारायला झाडं असतात, पेरायला बी नसतं. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये असे पट्टे पाहायला मिळतात: कडेला एकदाच जळालेल्या भागात स्प्रूसची दाट रोपं, आणि लगेच शेजारी, दोनदा जळालेल्या जमिनीवर गवत, थोडे अॅस्पेन, बाकी मोकळं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतली 1,500हून अधिक जळालेली ठिकाणं तपासली होती. 38 टक्के ठिकाणी ब्लॅक स्प्रूसने आपलं वर्चस्व गमावलं होतं आणि 18 टक्के ठिकाणी तो मुळीच परतला नव्हता. बाकीच्या ठिकाणी तो परतला, हेही लक्षात घ्या.

आगीची खोली इथे पुन्हा आडवी येते, आणि उलट्या बाजूने. मुळांचा थर वाचला तर मोठी झाडं जगण्याची शक्यता वाढते, पण त्या जाड, काळ्या, चटकन वाळणाऱ्या थरावर पडलेलं बहुतेक बी उन्हाने मरतं. ब्लॅक स्प्रूसचं जरा मोठं बी त्यातूनही निभावतं. थर तळापर्यंत जळून माती उघडी पडली तर बर्च आणि अॅस्पेनच्या वाऱ्यावर उडणाऱ्या बारीक बियांना रान मोकळं मिळतं, आणि पुढचं शतक ते जंगल पानझडी होतं. त्यात एक बरं आहे: पालवी फुटल्यावर पानझडी जंगल सहजी पेटत नाही. पण जळालेल्या थरातला शतकांचा कार्बन हवेत गेलेला असतो, तो लगेच परत येत नाही. 2023मध्ये कॅनडात सुमारे 1.5 कोटी हेक्टर जंगल जळालं, म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र. त्यातून हवेत गेलेला कार्बन सुमारे 65 कोटी टन. चीन, अमेरिका आणि भारत सोडले तर कुठलाही देश वर्षभरात कोळसा, तेल आणि वायू जाळून एवढा सोडत नाही.

झाडं लावण्याबद्दल: सरसकट नको. जिथे ब्लॅक स्प्रूस, जॅक पाइन किंवा अॅस्पेनचं वयस्क जंगल एकदाच जळालंय तिथे तुम्ही लावलेलं रोप आपोआप उगवलेल्या शेकडो रोपांशी स्पर्धा करणार. पैसा आणि उत्साह दोन्ही वाया. लावायचीच तर दोनदा जळालेल्या जागी, किंवा व्हाइट स्प्रूसचं बी पोचणार नाही अशा मोठ्या जळिताच्या पोटात, आणि तीही दोन-तीन उन्हाळे वाट पाहून, काय उगवलं ते मोजून. जळालेलं लाकूड काढून नेणाऱ्या कंपन्यांना मात्र थांबायला वेळ नसतो. अळ्यांनी पोखरलं आणि खोडाला भेगा पडल्या की लाकडाची किंमत उतरते, म्हणून ते पहिल्या एक-दोन वर्षांतच कापायला येतात. अडचण अशी की नेमक्या त्याच वेळी शेंड्यांवरचे शंकू बी सोडत असतात आणि जमिनीवर रोपं उगवत असतात. कापायचंच असेल तर हिवाळ्यात, जमीन गोठल्यावर, आणि काही पट्टे पूर्ण सोडून, एवढी अट तरी असावी. अर्धवट भाजलेली हिरवी झाडं ‘नाहीतरी मरणारच’ म्हणून तोडायला माझा ठाम विरोध आहे. त्यातली चार वाचली तरी व्हाइट स्प्रूसचं पुढचं बी तिथूनच येणार असतं.

आणि पुन्हा त्या बाजूला गेलात तर एक ध्यानात ठेवा. गाडी थांबवून फोटो काढायला जळिताच्या आत शिरू नका, निदान वारा असेल त्या दिवशी तरी नाही. मुळं जळालेलं झाड पडताना मोडल्याचा आवाज करतंच असं नाही. राखेचा भाग पायाखाली पोकळ लागला तर आल्या पावलांनी मागे फिरा, खाली जळून गेलेल्या मुळांचे खड्डे असतात आणि पहिल्या वर्षी ते आतून गरमही असू शकतात. झाड जिवंत आहे का एवढंच बघायचं असेल तर रस्त्याच्या कडेचं पहिलं झाड निवडा आणि बुंध्याशी वाका.